काट्याशिवाय शेळीचं वजन : छातीचा घेर, लांबी आणि एक सरळ रेषा

बालाघाटचा_मास्तर

नमस्कार मंडळी. शेळीपालनाच्या धाग्यांवर चारा, लसीकरण, शेडचा खर्च सगळं येतं पण वजनावर कुणी नीट लिहीत नाही म्हणून हा धागा काढतोय. मी धाराशिव जिल्ह्यात शाळेत गणित शिकवतो, घरी उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं.

मूळ अडचण अशी. व्यापारी दारात येतो, बोकडाच्या पाठीवरून हात फिरवतो, कमरेपाशी दाबून बघतो, पुढनं जरा उचलून जोखतो आणि रक्कम सांगतो. त्या वेळी त्याच्या डोक्यात वजन पक्कं असतं आणि उतारा (कापल्यावर मिळणारं मटण) किती पडणार हेही पक्कं असतं, म्हणजे उभ्या वजनाच्या निम्म्याच्या जरा आत. आपल्या डोक्यात काय असतं, तर शेजाऱ्याचा बोकड मागच्या ईदला कितीला गेला तो आकडा. एकाला वजन माहीत आणि दुसऱ्याला नाही, असा सौदा बरोबरीचा होऊच शकत नाही. हे मला मनापासून खटकतं. वर्षभर रानोमाळ हिंडून जनावर वाढवायचं आणि शेवटच्या पाच मिनिटात दुसऱ्याच्या अंदाजावर ते सोडून द्यायचं.

जनावरांचा काटा असेल तर प्रश्नच नाही. पण पाच-दहा शेळ्या असणाऱ्या घरात काटा नसतो, शिंप्याचा टेप मात्र असतो. छातीचा घेर आणि अंगाची लांबी मोजून वजन काढायचं, एवढाच मुद्दा आहे. दहावीच्या बीजगणितात पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आहे, तेच इथं जसंच्या तसं लागू पडतं.

घेर कुठं मोजायचा : पुढच्या पायाच्या कोपराच्या लगेच मागून, खांद्याच्या मागं, छातीभोवती पूर्ण फेरी. पोटावरनं नाही. शेळी सपाट जागी, चारी पाय सरळ, मान समोर. टेप अंगाला टेकला पाहिजे पण कातडीत रुतायला नको.

लांबी : खांद्याच्या पुढच्या टोकाच्या हाडापासून ते मागं शेपटीच्या बाजूला जे हाड हाताला लागतं तिथपर्यंत. शिंगापासून शेपटीपर्यंत मोजणारेही बघितलेत, ते या कामाला चालत नाही.

आता समीकरण. वजन = (चढ × घेर) − एक ठरलेला आकडा. हे दोन आकडे आयते कुठनं तरी उचलण्यापेक्षा आपल्याच कळपातनं काढावेत असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी एकदाच कुणाकडनं तरी काटा आणायचा. वीस-पंचवीस जनावरं घ्या, प्रत्येकाचा घेर आणि काट्यावरचं खरं वजन वहीत लिहा. मग घेराप्रमाणं लहान ते मोठं अशी यादी लावा आणि मधोमध दोन भाग करा. प्रत्येक भागाची सरासरी काढा.

समजा (हे आकडे फक्त समजायला सोपे म्हणून धरलेत, कुणी तसेच वापरू नका) खालच्या अर्ध्या भागाची सरासरी घेर ६४ सेमी आणि वजन २३ किलो आली, वरच्या अर्ध्या भागाची ७४ सेमी आणि ३५.५ किलो. घेर १० सेमीनं वाढला तेव्हा वजन १२.५ किलोनं वाढलं, म्हणजे सेमीमागं सव्वा किलो. हा झाला चढ. आता ६४ ला सव्वानं गुणलं की ८०, पण वजन तर २३ आहे, म्हणून ५७ वजा.

वजन = १.२५ × घेर − ५७

७० सेमीच्या शेळीला ३०.५ किलो. ६६ सेमीला २५.५. झालं. आठवीतलं पोरगंही करू शकतं.

कुणी असं केलंय का, कुणाकडं आपल्या जातीच्या जनावरांचे आकडे आहेत का, जरूर लिहा.

---

शेळीवाली_ताई (यवतमाळ)

मास्तर, लय कामाचा धागा काढला. माझ्याकडं बेरारी शेळ्या आहेत, बचत गटातल्या बाकी बायांकडं पण आहेत. पण मला एक सांगा, घेरच का? लांबी मोजायला सोपी वाटते मला, शेळी चरत असतानाच मागून पुढं टेप लावला की झालं, घेरासाठी तिला धरावं लागते, आणि आमच्या दोन शेळ्या तर टेप बघितल्यावरच उधळतात. नुसत्या लांबीवर समीकरण नाही का बसत?

---

बालाघाटचा_मास्तर

ताई, बसतं, पण ढिलं बसतं. लांबी म्हणजे हाडाचा सांगाडा. उन्हाळ्यात चारा संपला, शेळी उतरली, तर तिची लांबी आहे तेवढीच राहते, वजन मात्र चार-पाच किलोनं जातं. घेरात मांस आणि चरबी दोन्ही येतं म्हणून शेळी उतरली की घेरही उतरतो. एकच माप घ्यायचं असेल तर छातीचा घेर घ्या.

दुसरं म्हणजे लांबी उभं राहण्यावर फार अवलंबून असते. शेळीनं पाठ जरा वाकवली, एक पाय पुढं टाकला, की दोन-तीन सेमीचा फरक सहज पडतो. चरताना तर मुळीच मोजू नका, मान खाली गेली की खांदा सरकतो.

उधळणाऱ्या शेळीला भिंतीला लावून, तोंडापुढं मूठभर मका धरून दुसऱ्या माणसाकडनं मोजून घ्या. दोनदा मोजा, दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा.

---

नवीन_पालक

सर मी नुकतंच सुरू केलंय शेळीपालन, प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा, पण तुमच्या समीकरणात मी आमच्या करडाचा घेर टाकला, ४५ सेमी, तर उत्तर आलं उणे पाऊण किलो. करडू चांगलं उड्या मारतंय. उस्मानाबादीचंच आहे. मी गणितात चुकलो का?

---

संख्याप्रेमी (पुणे)

नवीन_पालक, तुमचं गणित अगदी बरोबर आहे, आणि प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी व्यवसायाने संख्याशास्त्रातला, शेळ्या नाहीत माझ्याकडे, पण रेषा मात्र रोज बघतो.

शेळीचं धड एखाद्या पिंपासारखं धरा. पिंपाचं आकारमान घेराचा वर्ग गुणिले लांबी या प्रमाणात वाढतं. जनावर वाढताना घेरही वाढतो आणि लांबीही, त्यामुळे वजन ढोबळमानाने घेराच्या घनाप्रमाणे वाढतं. म्हणजे खरा संबंध वक्र आहे, सरळ नाही. मास्तरांची रेषा त्या वक्राच्या एका तुकड्यावर टेकवलेली आहे, ६४ ते ७४ च्या दरम्यान ती वक्राला इतकी चिकटून जाते की फरक जाणवत नाही. त्या तुकड्याबाहेर गेलात की रेषा एकीकडे आणि वक्र दुसरीकडे.

मास्तरांच्याच आकड्यांवर घनाचा वक्र बसवून बघितला :

७० सेमीला वक्र म्हणतो ३० किलो, रेषा म्हणते ३०.५. काही बिघडत नाही.
६० सेमीला वक्र १९, रेषा १८. चालेल.
५० सेमीला वक्र ११, रेषा साडेपाच. निम्माच.
४५ सेमीला वक्र ८, रेषा उणे पाऊण.
आणि वरच्या बाजूला ८५ सेमीला वक्र जवळजवळ ५४, रेषा सव्वाएकोणपन्नास.

बघा, रेषा मध्यभागी जरा जास्त सांगते आणि दोन्ही टोकांना कमी सांगते. हा योगायोग नाही, वर वळणाऱ्या वक्रावर सरळ रेषा टेकवली की असंच होणार. ईदसाठी तयार केलेला दांडगा बोकड साध्या शेळ्यांच्या रेषेवर मोजलात तर पाचेक किलो कमी दिसेल, आणि हा तोटा नेमका विकणाऱ्याचा.

त्यामुळे ते ५७ वजा करणं म्हणजे शून्य घेराच्या शेळीचं वजन उणे ५७ किलो असा अर्थ काढू नये. त्या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही, तो फक्त रेषा योग्य उंचीवर आणून ठेवतो.

उपाय दोन. एक, वयाप्रमाणे वेगळ्या रेषा : दूध पिणारी करडं वेगळी, तीन महिन्यांपासून वर्षाच्या आतली वेगळी, मोठी वेगळी. दुसरा उपाय लॉगचा (लॉगरिदमचा), तो नंतर लिहितो, आधी काम आटोपतो.

---

बालाघाटचा_मास्तर

फार छान समजावलंत. करडांसाठी तर मी टेपच्या भानगडीत पडायचं नाही असं म्हणेन. साधा माणसांचा वजनकाटा घ्या, आधी आपण एकटे उभे राहा, मग करडू उराशी धरून उभे राहा, दोन्हीतली वजाबाकी. दहा-बारा किलोपर्यंत हे सगळ्यात खात्रीचं.

---

खिलारप्रेमी (सांगोला)

आमच्याकडं बैल-गाईंसाठी एक सूत्र वर्षानुवर्षं चालतंय, पशुधन पर्यवेक्षकांनी शिकवलेलं. घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले लांबी इंचात, भागिले ३०० म्हणजे पौंड येतात. याला शेफरचं सूत्र म्हणतात. थेट किलो पाहिजे तर ३०० ऐवजी ६६० नं भागायचं. घेर ६६ इंच, लांबी ५५ इंच असेल तर ६६ × ६६ × ५५ = २,३९,५८०, त्याला ६६० नं भागलं की ३६३ किलो. संख्याप्रेमींनी आता पिंपाचं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की घेराचा वर्ग त्यात कुठनं आला.

पण माझा अनुभव असा की उंच, लांब, अंगानं हलक्या खिलारला ते सूत्र जरा जास्त वजन दाखवतं असं वाटतं. आणि परदेशी गाईंसाठी छापलेली तयार वजनपट्टी मिळते बाजारात, ती देशी जनावराला लावून लोक औषध पाजतात ते मला बरोबर वाटत नाही. वशिंड, गळ्याची पोळी, हाडपेर सगळंच वेगळं.

---

पशुवैद्य_मराठवाडा

धागा वाचून आनंद झाला. वजनाचा विषय आम्हाला रोज छळतो, विक्रीसाठी नाही तर डोससाठी.

जंतनाशकाचा डोस किलोवर ठरतो. शेतकरी सांगतो "असंल वीस-बावीस किलो", शेळी असते तीसची. डोस कमी गेला की सगळे जंत मरत नाहीत, जे तग धरतात त्यांचीच पैदास पुढं वाढते आणि दोन-चार वर्षात तेच औषध त्या कळपात लागू पडेनासं होतं. हे मी डोळ्यानं बघतोय म्हणून कळकळीनं लिहितो.

आता मुद्दा नीट लक्षात घ्या. मास्तरांची रेषा सरासरी सांगते. म्हणजे ७० सेमी घेराच्या सगळ्या शेळ्या ३०.५ किलोच्या नसतात, साधारण निम्म्या त्याहून जड असतात आणि निम्म्या हलक्या. रेषेचा आकडा जसाच्या तसा धरून डोस दिलात तर निम्म्या शेळ्यांना कमीच जाणार. विक्रीत सरासरी चालते, जंताच्या औषधात चालत नाही. तिथं आकड्यावर थोडं चढवून धरावं लागतं, आणि अख्ख्या कळपाला एकच डोस द्यायचा असेल तर गटातल्या जड शेळीच्या वजनावर.

पण हे सगळ्या औषधांना लागू करू नका!! फेनबेंडाझोलसारख्या औषधात जास्त झालं तरी बराच वाव असतो, लेव्हामिसोलमध्ये तो वाव कमी आहे. अल्बेंडाझोल गाभण शेळीला सुरुवातीच्या काळात देऊच नये. तेव्हा औषध कोणतं आणि किती हे आपल्या डॉक्टरांना विचारा, त्यांना फक्त घेर आणि अंदाजे वजन सांगा, त्यांचं काम निम्मं हलकं होईल.

खुराकालाही वजन लागतंच. शेळीला दिवसाला शरीराच्या वजनाच्या तीन ते चार टक्के कोरडा चारा धरतात (ओल्या चाऱ्यातलं पाणी वजा करून), ३० किलोच्या शेळीला साधारण एक किलो.

---

लोणंदकर

मास्तर, मी बाजारातला माणूस आहे, वडिलांपासून शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार. तुमचं लिहिणं मनापासूनचं आहे म्हणून वाईट वाटून घेत नाही, पण आमची बाजू पण ऐका.

किंमत नुसत्या वजनावर ठरत नाही. दात बघावे लागतात, ईदच्या बोकडाला वर्ष पूर्ण लागतं, अंगावर खोट चालत नाही, कान-शिंग धड पाहिजे. रंगाला, उंचीला गिऱ्हाईक आहे. पाट (तरुण मादी) असेल तर तिची आई किती करडं देत होती ते विचारतो आम्ही. टेप यातलं काय सांगणार? आणि सारख्या घेराची दोन बोकडं असतात, एकाच्या कमरेवर हात ठेवला की मांस भरल्यासारखं लागतं, दुसऱ्याच्या मणक्याची टोकं बोटाला टोचतात. टेपवर दोन्ही एकच. हाताला जे कळतं ते टेपला कळत नाही.

---

बालाघाटचा_मास्तर

लोणंदकर दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. दात, खोट, रूप यावर माझं काहीच म्हणणं नाही, ते टेपचं कामच नाही. माझं म्हणणं एवढंच की बाकी सगळ्या गोष्टी दोघांनाही डोळ्यानं दिसतात, वजन तेवढं एकालाच दिसतं.

कमरेवरच्या हाताबद्दल मात्र तुम्ही जे सांगितलंत ते गणितानंही बरोबर आहे. पशुवैद्यक शास्त्रात ते एक ते पाच गुण देऊन मोजतात, कमरेच्या मणक्यांवर हात ठेवूनच. मी वहीत घेरापुढं आणखी एक रकाना ठेवलाय, हाताला कशी लागली : हडकुळी, मध्यम, भरलेली. रेषेच्या वर राहणाऱ्या शेळ्या बहुतेक भरलेल्यांतल्या निघतात आणि खाली राहणाऱ्या हडकुळ्यांतल्या. तुमचा हात म्हणजे समीकरणातलं दुसरं चल आहे दादा, आणि शेतकऱ्यानं तो हातही शिकला पाहिजे.

---

लोणंदकर

हे पटलं. या कधी बाजारला, पोरांना घेऊन या, हात कसा ठेवायचा ते दाखवतो.

अजून एक सांगतो, तुमच्या टेपच्या बाजूनं. काट्यावर विकायचं असलं की काही जण आदल्या रात्री मीठ चारतात आणि सकाळी पोटभर पाणी पाजून आणतात. काट्यावर किलो-दोन किलो वाढतात, गिऱ्हाईकाला वाटतं काटा आहे म्हणजे खरं. कोपरामागचा छातीचा घेर पाण्यानं फारसा हलत नाही, फुगते ती कूस.

---

पशुवैद्य_मराठवाडा

अगदी बरोबर. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला चारा-पाणी मिळून शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा सहज होतो, कधी त्याहून जास्त. म्हणून समीकरणासाठी वजन करायचं ते सकाळी, चरायला सोडायच्या आणि पाणी पाजायच्या आधी. सगळ्या शेळ्या एकाच वेळी, निम्म्या सकाळी आणि निम्म्या संध्याकाळी असं नको. आणि गाभण शेळ्या यादीतून बाहेर ठेवा. शेवटच्या महिन्यात पिल्लं आणि पाणी मिळून वजन वाढतं, छातीचा घेर त्या हिशेबानं वाढत नाही.

---

संख्याप्रेमी (पुणे)

परत आलो. आता राहिलेलं.

१८०५ मध्ये लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने धूमकेतूंच्या कक्षा काढण्यावरच्या लिखाणात किमान वर्गांची पद्धत (चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी राहील अशी रेषा काढायची) छापली, आज मोबाईलमधलं एक्सेल तीच पद्धत क्षणात करतं. स्लोप (चढ) आणि इंटरसेप्ट (तो ठरलेला आकडा) या नावांची दोन फंक्शन आहेत, वजनाचा रकाना आणि घेराचा रकाना निवडायचा, दोन्ही आकडे समोर. मास्तरांची दोन सरासऱ्यांची पद्धत कागदावर करायला उत्तम आहे, उत्तरात फार फरक पडत नाही.

पण लोक इथे एका आकड्याच्या मागे लागतात, आर-वर्ग, म्हणजे रेषा आकड्यांना किती जवळून बसली ते शून्य ते एकमध्ये सांगणारा. ०.९५ आला की खूश. यात एक फसगत आहे. चार किलोच्या करडापासून साठ किलोच्या बोकडापर्यंत सगळी जनावरं एका यादीत टाकलीत तर आर-वर्ग आपोआप मोठा येतो, कारण एवढ्या पसाऱ्यात कुठलीही रेषा बरी दिसते. शेतकऱ्याला पाहिजे ते वेगळं : प्रत्येक शेळीमागे किती किलोची चूक होते. त्यासाठी पाच-सहा शेळ्या समीकरण काढताना बाजूला ठेवा, मग त्यांचं वजन रेषेवरून आधी लिहा आणि नंतर काट्यावर चढवा. जो फरक येईल ती तुमच्या रेषेची खरी लायकी.

आता चुकांचे दोन प्रकार, हे नीट वाचा कारण पैसे यातच आहेत. एक चूक इकडेतिकडे होते, एखादी शेळी दोन किलो जास्त, एखादी दोन किलो कमी. एकच शेळी विकायची असेल तर ती चूक अंगावर येते. पण १६ शेळ्यांचा लॉट विकताना त्या चुका एकमेकींना खातात, एकूण चूक १६ पट न होता साधारण ४ पटच होते, म्हणजे शेळीमागे अर्धा किलो. लॉटने विकणाऱ्याला ही रेषा एकट्या बोकडापेक्षा कितीतरी जास्त भरवशाची.

दुसरी चूक एकाच बाजूची. टेप जुना होऊन ताणलाय, घेर दोन सेमी कमी दाखवतोय. सेमीला सव्वा किलो म्हणजे शेळीमागे अडीच किलो. उभ्या वजनाचा भाव किलोला ४०० धरला तर शेळीमागे हजार रुपये, आणि ही चूक लॉटमध्ये विरत नाही, जितक्या शेळ्या तितके हजार. म्हणून आधी टेप स्टीलच्या पट्टीवर ताडून बघा.

घेर आणि लांबी दोन्ही एकाच समीकरणात घालता येतात का असं एकाने विपूत (माझ्या विचारपुशीत) विचारलंय. येतात. पण घेर मोठा असणाऱ्या शेळीची लांबीही मोठी असते, दोन्ही मापं बरंचसं तेच सांगतात, त्यामुळे लांबी घातल्याने अंदाज थोडाच सुधारतो आणि थोड्या जनावरांवर काढलेलं समीकरण डळमळीत होतं. पंचवीस शेळ्या असतील तर एकट्या घेरावर राहा.

---

रत्नांग्रीकर

शेळ्यांच्या धाग्यावर मासे आणतोय, पण विषय तोच आहे. मत्स्यशास्त्रात लांबीवरून वजन काढणं रोजचं काम. बोटीवर काटा स्थिर राहत नाही, लाटेबरोबर आकडा नाचतो, पण मोजपट्टीवर बांगडा ठेवला की लांबी लगेच कळते. मग वजन = अ × लांबीचा ब घात. ब बहुतेक माशांत ३ च्या जवळपास येतो, म्हणजे लांबी दुप्पट झाली की वजन आठपट.

आणि हेच आपल्याकडच्या लहान मासळीच्या वादाचं मूळ आहे. पारड्यात टाकलेला छोटा पापलेट लांबीला निम्मा असला तरी वजनाला आठवा हिस्साच असतो, वाढू दिला असता तर किती झाला असता हे लोकांना पटत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ५४ प्रजातींची किमान लांबी ठरवून दिली, त्यामागं अंडी घालायचं वय हे मुख्य कारण आहे, पण हे घनाचं गणितही विसरू नये.

संख्याप्रेमी, तुम्ही लॉगचं म्हणाला होतात, ते आमच्याकडचंच ना?

---

संख्याप्रेमी (पुणे)

हो, तेच! रत्नांग्रीकरांच्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की

लॉग वजन = लॉग अ + ब × लॉग लांबी

आणि ही पुन्हा सरळ रेषाच. वक्र नाहीसा होतो, ब हा तिचा चढ. शेळ्यांमध्ये लांबीच्या जागी घेर टाकायचा. ही रेषा करडालाही उणे वजन देत नाही आणि मोठ्या बोकडालाही अन्याय करत नाही. एक्सेलमध्ये दोन जादा रकाने, बस. ज्यांच्याकडे सगळ्या वयाची जनावरं आहेत त्यांनी हीच वापरावी. ज्यांना फक्त विक्रीच्या वयाच्या जनावरांचं वजन पाहिजे त्यांना मास्तरांची साधी रेषा पुरते, आणि ती डोक्यात करता येते हा तिचा मोठा गुण.

---

शेळीवाली_ताई (यवतमाळ)

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. लॉग आमच्या बायांना नाही झेपणार, आणि खरं सांगू का मास्तर, गुणाकार वजाबाकी पण व्यापारी समोर उभा असताना नाही होत. गटातल्या निम्म्या बाया सही पुरतंच शिकलेल्या आहेत. त्यांना वापरता येईल असं काही सांगा ना. शेळ्या त्यांच्याच आहेत, विकायच्या वेळी घरचा माणूस पुढं होते आणि बाईला विचारतही नाही, वजन तिला आधीच माहीत असलं तर ती बोलू तरी शकते.

---

बालाघाटचा_मास्तर

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी हा धागा काढला असं समजा.

गणित एकदाच करायचं आणि टेपवरच लिहून ठेवायचं. सेंटीमीटरचे आकडे बघायचेच नाहीत. सव्वाचा चढ असेल तर दर चार सेमीला पाच किलो. म्हणजे माझ्या वरच्या उदाहरणात ६० सेमीवर १८, ६४ वर २३, ६८ वर २८, ७२ वर ३३, ७६ वर ३८. मधल्या प्रत्येक सेमीला सव्वा. रुंद प्लास्टिकची पट्टी घ्या, न ताणणारी, मोठ्या खोक्यांना बांधून येते तसली चालते, तिच्यावर पक्क्या शाईनं किलोच लिहा. ६० च्या खाली लाल रेघ आणि ८० च्या वर लाल रेघ, त्याच्या पलीकडं ही पट्टी बोलत नाही असं सगळ्यांना सांगून ठेवा. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी दर पाच किलोला वेगळा रंग.

मात्र माझे आकडे उतरवून घेऊ नका. ते समजावण्यापुरते आहेत आणि तुमच्या बेरारी शेळ्या आहेत. गटातल्या सगळ्या घरच्या मिळून तीसेक मोठ्या शेळ्या सहज होतील, पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध डेअरीत काटा विचारा, एक सकाळ पुरते. नसेल तर लटकता हुकाचा काटा आणि जाड पोत्याची झोळी, शेळीच्या पोटाखालनं घालून दोघांनी झाडाच्या फांदीला टांगायची.

---

नवीन_पालक

सर, मेंढ्यांना हेच चालेल का? मामांकडे माडग्याळ मेंढ्या आहेत जत भागात.

---

पशुवैद्य_मराठवाडा

पद्धत चालेल, आकडे चालणार नाहीत. माडग्याळ उंच आणि लांब अंगाची मेंढी, तिची रेषा वेगळीच निघेल. दख्खनी मेंढी असेल तर लोकरीकडं लक्ष द्या, कातरणीच्या आधी टेप लोकरीवरनं जातो आणि घेर जास्त दिसतो. एक तर लोकर बाजूला सारून टेप कातडीला टेकवा किंवा सगळी मापं कातरणीनंतरच घ्या.

---

शेळीवाली_ताई (यवतमाळ)

मास्तर, ठरलं. सोमवारी गटाची बैठक आहे, तिथं मांडते. दवाखान्यातल्या ताईंना काट्याचं विचारलं, त्या हो म्हणाल्या. वहीत काय काय लिहायचं ते एकदा एका जागी सांगा.

---

बालाघाटचा_मास्तर

शेळीची खूण किंवा कानातल्या बिल्ल्याचा नंबर, नर की मादी, बोकड खच्ची केलेला आहे का, दात किती, गाभण आहे का, घेर सेमीमध्ये दोनदा, लांबी एकदा, हाताला कशी लागली, आणि काट्यावरचं वजन शंभर ग्रॅमपर्यंत. माप घेणारी बाई शेवटपर्यंत एकच ठेवा, कारण प्रत्येकीचा टेप ओढायचा जोर वेगळा असतो. गाभण शेळ्यांची मापं लिहा पण हिशेबात धरू नका. वहीचा फोटो इथं टाकलात तरी चालेल, मी आणि संख्याप्रेमी दोघं वेगवेगळी रेषा काढू आणि जुळली की पट्टीवरचे आकडे लिहून देऊ. बाकी कुणाकडं संगमनेरी किंवा कोकण कन्याळ असतील तर त्यांनीही याच रकान्यांत लिहा, मात्र दोन जातींची जनावरं एका यादीत मिसळू नका.